हुमणीचा अदृश्य वैरी

वळिवाचे किंवा मृगाचे पहिले पाऊस पडून गेले, की तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या आणि बाभळीच्या झाडांवर तपकिरी भुंगेऱ्यांचे थवे जमू लागतात. रात्री पाला खाऊन उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात आणि माद्या तेथे अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघणारी, चंद्रकोरीसारखी वाकलेली पांढरी अळी म्हणजेच हुमणी. कोणी तिला उन्नी म्हणतात. सीमाभागातील कानडी शेतकरी तिलाच गोण्णे हुळु म्हणतो. बेळगाव-कोल्हापूरकडील ऊस असो की गुजराथेतील भुईमूग असो, ही अळी जमिनीखाली राहून मुळे कुरतडते. पाने पिवळी पडतात, आणि शेतकरी ऊस ओढून पाहतो तो सबंध बेटच उपटून हातात येते. तोवर वेळ निघून गेलेली असते.

या किडीवर पुष्कळ वर्षे जालीम विषांचा मारा झाला. फोरेट हे दाणेदार विष त्यांपैकीच एक होते. ते माणसास व जनावरांस अतिशय घातक असल्याने 2018 सालच्या केंद्र सरकारच्या आदेशान्वये 2020 च्या अखेरीपासून त्यावर बंदी आली. विषाच्या वाटा अशा आखूड होत असता, जमिनीत लपलेल्या शत्रूस जमिनीतलाच वैरी गाठून द्यावा, हा विचार महत्त्वाचा ठरतो. हा वैरी म्हणजे कीटकांना मारणारा सूत्रकृमी.

सूत्रकृमी हे नाव ऐकताच बागायतदार दचकतो. टोमॅटोच्या, वांग्याच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी त्याच्या परिचयाचा असतो. परंतु सूत्रकृमींचे कुळ फार मोठे आहे. मुळांवर जगणारे वेगळे आणि कीटकांवर जगणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा कृमी पिकाच्या मुळास तोंड लावीत नाही. माणसास, गुरांस किंवा कोंबड्यांस त्याची बाधा होत नाही.

हा कृमी सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचा, भिंगावाचून सहसा न दिसणारा असतो. त्याची पिले एका विशिष्ट अवस्थेत काहीही न खाता, अंगच्या चरबीवर जगत, मातीत भक्ष्याची वाट पाहतात. अळी सापडली की तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनाच्या छिद्रांतून ती आत शिरतात. मात्र अळीचा जीव घेण्याचे काम कृमी एकटा करीत नाही. त्याच्या आतड्यात एका जातीचे जिवाणू वस्तीस असतात. कृमी त्यांना अळीच्या रक्तात सोडतो. तेथे ते झपाट्याने वाढतात आणि अळी बहुधा एक-दोन दिवसांत मरते. मेलेली अळी सडत नाही, कारण हेच जिवाणू इतर जंतूंना आवरून धरतात. त्या शिजलेल्या अन्नावर कृमींच्या दोन-तीन पिढ्या वाढतात, आणि सुमारे दोन आठवड्यांत लाखांनी नवी पिले नव्या भक्ष्याच्या शोधास बाहेर पडतात.

या भागीदारीचे मर्म कळण्यास बराच काळ लागला. 1929 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, हॅडनफील्डजवळच्या एका गोल्फ मैदानात, जपानी भुंगेऱ्याच्या अळ्या अशा कृमींनी मेलेल्या आढळल्या. हा भुंगेरा हुमणीच्याच गणगोतातला. रुडॉल्फ ग्लेझर या शास्त्रज्ञाने ते कृमी कृत्रिम अन्नावर वाढविले आणि त्या राज्यात जागोजाग सोडले. परंतु त्यांच्या सोबती जिवाणूचे महत्त्व त्यास ठाऊक नव्हते. पुढे महायुद्धानंतर डी. डी. टी. आले आणि त्याच्या तात्काळ परिणामापुढे हे काम मागे पडले. कृमी आणि जिवाणू यांचे नाते 1960 नंतरच्या दशकात पॉइनर व थॉमस यांच्या अभ्यासाने स्पष्ट झाले, आणि मगच सोबत्यासह कृमी वाढविण्याचे शास्त्र नीट उभे राहिले.

भारतालाही स्वतःचा असा कृमी लाभला आहे. तमिळनाडूतील कोइमतूर येथे सापडलेल्या जातीचे वर्णन 1992 साली पॉइनर, करुणाकर आणि डेव्हिड यांनी प्रसिद्ध केले. तिचे नाव हेटेरोरॅब्डायटिस इंडिका. ही जात उष्ण हवामानास सरावलेली आहे, हा तिचा मोठा गुण. बेंगळूर येथील कृषी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेने तिची पाण्यात मिसळता येणारी भुकटी तयार केली, आणि हुमणीसाठी ती वापरली जाते. या जातीने मेलेली अळी तांबूस विटकरी रंगाची होते.

येथेच सावध होण्याची गरज आहे. पुडी भुकटीची दिसली, तरी आत निर्जीव औषध नसून जिवंत प्राणी आहेत. विष उन्हात ठेवले तरी विषच राहते. कृमी उन्हाने आणि कोरडेपणाने मरतो. म्हणून पुडी घेताना मुदत पाहावी, ती सावलीत, थंड जागी ठेवावी, आणि थोडी भुकटी पाण्यात टाकून भिंगाखाली कृमी वळवळतात की नाही, हे पारखून घ्यावे. आळवणी दिवस कलल्यावर, ओल्या जमिनीत, मुळांपाशी करावी. पंपातील पाणी ढवळीत राहावे, कारण कृमी तळाशी बसतात. त्यानंतर काही दिवस जमीन सुकू देऊ नये. हेक्टरी सुमारे 250 कोटी पिले हे सर्वसाधारण प्रमाण मानतात. आकडा प्रचंड वाटला तरी जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरला त्यातले अवघे पंचवीसच येतात.

कृमीची जात पारखणेही तितकेच अगत्याचे. काही जाती मातीच्या वरच्या थरात दबा धरून बसतात. काही खाली हिंडून भक्ष्य शोधतात. खोल मुळांशी बसलेल्या हुमणीसाठी दुसऱ्या प्रकारचीच जात हवी. शिवाय हुमणीही काही निराधार नाही. तिच्या श्वसनछिद्रांवर चाळणीसारखी जाळी असते, आणि पूर्ण वाढलेली अळी सहजी बळी पडत नाही. म्हणून पावसाळ्याच्या पूर्वार्धात, अळी लहान असतानाच, उपाय करावा. दिवाळीत ऊस वाळल्यावर पुडी आणणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

एवढे करूनही कृमी एकटा पुरा पडेल, असे समजू नये. पहिल्या पावसात प्रकाशसापळे लावणे आणि कडुलिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून मारणे ही कामे सबंध गावाने मिळून करावयाची आहेत; एकाच्या बांधाशी भुंगेरा थांबत नाही. विष विकत घेतले की शेतकऱ्याचे काम संपत असे. कृमी शेतात सोडला, की त्याची ओल आणि त्याची सावली जपण्याचे काम तेथून सुरू होते.