विंडोज नवे, कॉम्प्युटर मुका : दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला. त्यामुळे पुष्कळ दुकानदार बंधूंनी जुने काढून विंडोज ११ टाकून घेतले. आम्हीही आमच्या कापडाच्या पेढीवर तेच केले. मशीन सुरू झाले. पण इंटरनेट गायब, लेबलचा प्रिंटर गप्प. गाठोडी बांधून तयार, मात्र ई-वे बिल निघेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "नेटवर्क कार्ड जळाले, नवे घ्या." कार्ड शाबूत होते, त्याचा ड्रायव्हर तेवढा नव्हता.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यातील दुभाष्या. डिस्क पुसून विंडोज टाकले की जुने दुभाषेही पुसले जातात. बऱ्याच भागांचे ड्रायव्हर विंडोज स्वतः आणते, सर्वांचे नाही.

म्हणून खिशात हात घालण्याआधी पाहावे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. जळालेले कार्ड बहुधा यादीत येतच नाही. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर आधी ड्रायव्हरचा संशय घ्यावा. 'अननोन डिव्हाइस' लिहिले असल्यास प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असे जावे. तेथे 'व्हीईएन'पुढील चार अक्षरे कंपनी सांगतात : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. 'डीईव्ही'पुढील चार अक्षरांवरून तो भाग ओळखतात. ड्रायव्हर त्या कंपनीच्या किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरूनच घ्यावा. फुकट 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी लागू नये. त्यासोबत नको ते सॉफ्टवेअर आत शिरते.

इंटरनेटच नसेल तर? मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. आम्ही तसेच केले. विंडोज अपडेटने कार्डाचा ड्रायव्हर आणला, प्रिंटरचा आम्ही कंपनीकडून उतरवला, आणि संध्याकाळी माल रवाना झाला.

तरी दिवस वाया गेलाच. तो वाचवता आला असता. विंडोजमध्ये 'पीएनपीयुटिल' नावाची आज्ञा आहे. तिने बाहेरून टाकलेले ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवता येतात. नंतर 'अपडेट ड्रायव्हर'मधून तेच फोल्डर दाखवावे. विंडोज १० चे बहुतेक ड्रायव्हर ११ मध्ये चालतात. तेव्हा दुरुस्तीवाल्याला डिस्क पुसू देण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात : हिशेबाची नक्कल आणि ड्रायव्हरची नक्कल.