राजाईची फिर्याद

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते, त्या संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) संसाराचे एक अत्यंत प्रांजळ चित्र त्यांच्या पत्नी राजाई यांच्या नावावरील अभंगात सापडते. मध्यरात्रीचा एकांत साधून राजाई रखुमाईपुढे आपली फिर्याद मांडते की, विठोबाने आपल्या भ्रताराला वेडे केले असून तो अहर्निश नाचण्यात दंग आहे, घरी अन्नवस्त्राची ददात आहे आणि चौदा माणसे दारोदार हिंडत आहेत.

दांपत्यातील मतभेदांचा उलगडा करू पाहणाऱ्याने या फिर्यादीचे स्वरूप लक्षपूर्वक पाहावे. 'तुम्ही असेच' अशा स्वभावावरील ठपक्यातून पुढे मार्ग निघत नाही. परंतु धान्य, वस्त्र आणि वेळ यांविषयीची नेमकी तक्रार असली की तिच्यावर तजवीज करता येते, आणि बहुतेक घरांतील कलह मुळात याच तीन बाबींचा असतो. शिवाय राजाईने मध्यस्थ निवडली तीही विचारपूर्वक: रखुमाई स्वतः पत्नी आहे, आणि जिथे दाद मागायची तिथे तिचा शब्द पोहोचतो. माहेरच्या किंवा सासरच्या कैवाऱ्यापेक्षा असा उभयपक्षी आदरणीय माणूसच सलोखा घडवू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेही, निवाड्यापूर्वी शक्य तेथे तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली असून त्यासाठी समुपदेशकांची तरतूद केली आहे.