घर हलते तेव्हा : दिल्लीहून खुलताबादला आलेले एक कुटुंब आणि आपल्या दारातला मुका जीव

दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की खुलताबाद लागते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) पासून हे अंतर जेमतेम २५ किलोमीटर. हंगामात वाटेवर सीताफळांच्या, पेरूंच्या पाट्या मांडलेल्या असतात. आपण मुलाबाळांना घेऊन इथे जियारतीला जातो, ‘हे बुजुर्ग दिल्लीहून आले’ असे मुलांना सांगतो आणि पुढे निघतो. पण आले म्हणजे कसे आले?

१३२७ साली सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला राजधानीचा दर्जा दिला आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. दख्खनचा कारभार जवळून पाहता यावा, हा त्याचा हेतू. सारी दिल्ली उठवली, असे आपण ऐकत आलो. परंतु प्रामुख्याने अमीर-उमराव, आलिम आणि सूफी यांची कुटुंबे हलवली गेली, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. इब्न बतूताने ही वाट ४० दिवसांची असल्याचे लिहून ठेवले आहे.

या लोकांमध्ये एक जोडपे होते. सय्यद यूसुफ हुसैनी, ज्यांना लोक शाह राजू कत्ताल म्हणून ओळखतात, आणि त्यांची पत्नी. बरोबर लहान मुले. त्यातला १३२१ साली दिल्लीत जन्मलेला एक मुलगा पुढे ख्वाजा बंदानवाज गेसूदराज म्हणून साऱ्या दख्खनला माहीत झाला. नव्या गावात काही वर्षे गेली आणि सय्यद यूसुफ अल्लाहला प्यारे झाले. त्यांची कबर खुलताबादेतच आहे. १३३५ च्या सुमारास ती विधवा आई मुलांना घेऊन पुन्हा दिल्लीला गेली. जी वाट नवऱ्याच्या सोबतीने उतरली होती, ती तिला त्याच्याशिवाय चढावी लागली. इतिहासाच्या पुस्तकात सुलतानाला पानेच्या पाने मिळतात, या आईला एखादी ओळ. पुढे १३९८ मध्ये तैमूरची स्वारी येत असताना गेसूदराज यांनी उतारवयात दिल्ली सोडली. दख्खनच्या वाटेवर त्यांनी वडिलांच्या कबरीची जियारत केली आणि गुलबर्ग्यात स्थायिक झाले. १४२२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

त्या स्थलांतराबद्दल इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने लिहिताना दिल्लीच्या उजाडपणाचे माप सांगितले, ते कुत्र्या-मांजरांवरून. शहर इतके ओस पडले की तेही उरले नाहीत, असे तो म्हणतो. यात अतिशयोक्ती असेल. पण वस्ती म्हणजे केवळ माणसे नव्हेत, माणसांच्या आधाराने जगणारे जीवही तिच्यात येतात, हे त्याने नेमके टिपले.

आज आपल्यातही घरे हलतात. शेतवस्ती सोडून कुणी शहरातल्या फ्लॅटमध्ये येतो, कुणाची बदली होते, कुणी निवृत्तीनंतर थंड हवेच्या डोंगरगावी घर घेतो. ट्रकमध्ये कपाट चढते, फ्रीज चढतो. वर्षानुवर्षे राखण केलेला कुत्रा मात्र फाटकाशी उभा राहतो. ‘आपल्याकडे कुत्रा घरात चालत नाही’ एवढे एक वाक्य पुरते आणि गाडी निघते.

हे वाक्य अर्धेच आहे. शेताच्या, गुराढोरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा पाळण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. त्याची लाळ लागली तर काय करावे, याविषयी मसलकांमध्ये मतभेद आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावे. परंतु दयेबाबत मतभेद नाही. तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच सांगितले आहे. कुरआनच्या सूरह कहफमध्ये गुहेत आश्रय घेणाऱ्या तरुणांबरोबर त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख येतो. ईमान वाचवायला घर सोडलेल्या त्या मुलांच्या सोबतीने तो उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला आहे. कायद्याचे म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपाशी-तहानेले सोडून देणे हा गुन्हा आहे.

म्हणून घर हलवायचे ठरले की या जिवाचा निर्णय सामान बांधण्याआधी घ्यावा. बरोबर न्यायचे असेल तर रेबीजची लस आणि पशुवैद्याचा दाखला वेळेत घ्यावा. रेल्वेत कुत्र्याला आपल्यासोबत न्यायचे तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, तिची नोंद पार्सल कार्यालयात होते. स्वतःच्या गाडीने जात असाल तर निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नये, घाटात उलटी होते. दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी पाजावे. बंद गाडीत उन्हात एकटे ठेवू नये, जीव जातो. नव्या ठिकाणी त्याचे जुनेच अंथरूण न धुता घालावे. ओळखीच्या वासाने तो स्थिरावतो. पहिले काही दिवस मोकळे सोडू नये, जुने घर शोधायला तो निघून जातो. अंगणात त्याला सावलीची वेगळी जागा दिली की घरातली नमाजची जागाही पाक राहते.

नेणे खरोखरच शक्य नसेल तर शेत घेणाऱ्याशी बोलावे, ओळखीच्या शेतकऱ्याच्या हाती सोपवावे, महिनाभराने एकदा जाऊन पाहून यावे. व्यवहारात विहिरीची, मोटारीची बोलणी होतात; राखणदाराचीही व्हावीत.

पुढच्या वेळी खुलताबादला जाल तेव्हा शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यावर फातिहा पढताना, मुलांचा हात धरून माघारी निघालेल्या त्या आईसाठीही दुआ करा. ती मुलांपैकी कुणालाही मागे ठेवून गेली नाही.