नारळानंतरची मॅच

मराठीत एखाद्याला कामावरून काढलं की त्याला ‘नारळ दिला’ म्हणतात. सवाष्णीच्या ओटीत पडतो तोही नारळच आणि नकोशा झालेल्या माणसाच्या हातात ठेवतात तोही नारळच. भारतीय हॉकीत हा दुसऱ्या जातीचा नारळ भरपूर वाटला गेला आहे. पण नारळ मिळालेला माणूस पुढे काय करतो? टीव्ही तर त्याच्याही घरी असतो. त्याने घडवलेला संघ त्याच्याशिवाय जिंकतो, तेव्हा तो टाळ्या वाजवतो की चॅनल बदलतो?

रोलंट ओल्टमन्स यांना तर ती मॅच टीव्हीवरूनही बघावी लागली नाही. ती त्यांच्या पुढ्यातच सुरू होती, फक्त ते समोरच्या बाकावर होते.

७ एप्रिल २०१८, गोल्ड कोस्ट, राष्ट्रकुल स्पर्धेतला भारत-पाकिस्तान सामना. भारत २-० असा पुढे होता, मग २-१ झालं आणि अगदी शेवटी, सात सेकंद उरलेले असताना पाकिस्तानने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. पाकिस्तानचे प्रशिक्षक होते ओल्टमन्स. सात महिन्यांपूर्वीपर्यंत ते भारताचे प्रशिक्षक होते. समोरचा कोणता खेळाडू दमला की कुठे पास देतो, कॉर्नर वाचवायला पहिला कोण धावतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यातलं बरंचसं त्यांनीच तर शिकवलं होतं.

ओल्टमन्स काही किरकोळ असामी नव्हेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आणि १९९८ च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या पुरुषांनी सुवर्ण जिंकलं ते त्यांच्या हाताखाली. भारतात ते २०१३ मध्ये आले ते ‘हाय परफॉर्मन्स डायरेक्टर’ म्हणून, म्हणजे मैदानापेक्षा आराखड्याचं काम. मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलं तेही दुसऱ्याच्या नारळामुळे. २०१५ च्या जुलैत पॉल व्हॅन अॅस या दुसऱ्या डच प्रशिक्षकाला अवघ्या काही महिन्यांत घरी पाठवलं गेलं आणि त्या खुर्चीत ओल्टमन्स बसले. त्याच डिसेंबरात रायपूरला भारताने वर्ल्ड लीगच्या अंतिम फेरीत कांस्य जिंकलं. जागतिक पातळीवरच्या स्पर्धेत तब्बल ३३ वर्षांनी मिळालेलं पदक. व्हॅन अॅस तेव्हा भारताच्या बाकावर नव्हते. म्हणजे माजी प्रशिक्षकाने दुरून यश बघण्याची ही साखळी ओल्टमन्सपासून सुरू होत नाही. तेही मधलीच कडी.

पुढच्या वर्षी लंडनच्या चॅम्पियन्स करंडकात रौप्य मिळालं, रिओत उपांत्यपूर्व फेरी गाठली. मग २०१७ च्या जूनमध्ये लंडनला मलेशिया आणि कॅनडा यांच्याकडून हार. ऑगस्टमध्ये नवख्या पोरांना घेऊन युरोपात गेलेल्या संघाने नेदरलँड्सला लागोपाठ दोनदा हरवलंही, पण तोवर चर्चेचा सूर ठरून गेला होता. २ सप्टेंबरला त्यांना काढलं. निकाल समाधानकारक नाहीत, हे कारण.

त्यानंतर पन्नास दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, ढाक्यात मलेशियाला २-१ हरवून भारताने आशिया चषक जिंकला. दहा वर्षांनी. चषकाजवळ उभे होते नवे प्रशिक्षक शोर्ड मरिन. आता पन्नास दिवसांत संघ किती बदलतो? सराव शिबिरं, प्रवास आणि प्रत्यक्ष सामने वजा केले तर हातात उरतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात पेनल्टी कॉर्नरची एखादी नवी चाल बसेल, बाकावरून खेळाडू आत-बाहेर करण्याचं वेळापत्रक बदलेल. पण ज्या पायांवर संघ पळतो ते पाय पन्नास दिवसांत तयार होत नाहीत. मरिन यांचं श्रेय मला कमी करायचं नाही, मोकळ्या मनाने खेळू देणारा नवा माणूस कधीकधी तेवढ्यानेच काम करून जातो. पण ढाक्याचा चषक कुणाचा, याचं उत्तर एका नावात मावत नाही.

गंमत म्हणजे याच्या काही वर्षं आधी नेदरलँड्समध्येच या प्रश्नावर आकडेमोड झालेली होती, फुटबॉलची का होईना. बास टेर वेल या अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातली तिथली व्यावसायिक लीग तपासली. सलग हरल्यावर ज्यांनी प्रशिक्षक हाकलला असे संघ एका बाजूला, तितकंच हरूनही ज्यांनी हाकलला नाही असे संघ दुसऱ्या बाजूला. सावरले दोघंही, जवळपास सारखेच. थोडक्यात, तळाला गेलेला संघ बहुतेक वेळा वर येतोच. त्या दिवशी खुर्चीत जो असतो, हार त्याच्या गळ्यात पडतो.

आइस हॉकीवाल्यांना हे तोंडपाठ असावं. पिट्सबर्ग पेंग्विन्सने २००८ मध्ये मिशेल थेरियन यांच्या हाताखाली स्टॅन्ली कपची अंतिम फेरी गाठली. २००९ च्या फेब्रुवारीत त्यांना काढलं आणि जूनमध्ये डॅन बाइल्स्मा यांच्या हाताखाली त्याच संघाने कप उचलला. चार महिने! संघातला तरणाबांड सिडनी क्रॉस्बी मात्र दोन्ही वर्षी तोच होता.

पुन्हा आपल्याकडे येऊ, कारण आपल्या कथेला आणखी एक वळण आहे आणि तेच मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

बिहारचे हरेंद्रसिंग एअर इंडियाचे, १९९० च्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या संघातले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्या ज्युनियर संघाने लखनौला बेल्जियमला २-१ हरवून विश्वचषक जिंकला. गोल करणारे दोघे होते, गुरजंतसिंग आणि सिमरनजीतसिंग. पुढे महिला संघाचे प्रशिक्षक असलेले मरिन पुरुषांकडे गेले तेव्हा महिला संघ हरेंद्र यांच्याकडे आला. दोन महिन्यांत महिलांनी जपानमध्ये चीनला शूटआउटमध्ये हरवून आशिया चषक आणला. मग राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष चौथे आले, आणि मे २०१८ मध्ये हॉकी इंडियाने चक्क अदलाबदल केली. मरिन पुन्हा महिलांकडे, हरेंद्र पुरुषांकडे. शाळेत वर्गशिक्षक बदलतात तसं.

हरेंद्र यांच्या पहिल्याच स्पर्धेत, ब्रेडाच्या चॅम्पियन्स करंडकात, भारताने पाकिस्तानला ४-० धुतलं. गाव नेदरलँड्समधलं आणि हरलेल्या संघाच्या बाकावर ओल्टमन्स. पुढे १ सप्टेंबरला जकार्तात, आशियाई स्पर्धेच्या कांस्यपदकासाठी पुन्हा तीच गाठ. भारत २, पाकिस्तान १. नारळाला वर्ष व्हायला एक दिवस कमी होता. त्या स्पर्धेनंतर ओल्टमन्स यांनी पाकिस्तानचं काम सोडलं.

आणि हरेंद्र? डिसेंबरात भुवनेश्वरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ हार झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांनाही काढलं. वर ज्युनियर संघ सांभाळण्याची तयारी आहे का, अशी विचारणा. एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड आले. वीस महिन्यांत चौथा मुख्य प्रशिक्षक.

आता ५ ऑगस्ट २०२१ ची सकाळ. टोकियो, समोर जर्मनी, कांस्यपदकाची मॅच, आपल्याकडे सकाळी सात वाजता. आमच्या घरी पातेल्यातला चहा आटून गेला तरी कुणी उठलं नाही. भारत १-३ असा मागे पडला आणि मग पाहता पाहता ५-३ पुढे गेला. पहिला आणि पाचवा गोल सिमरनजीतचा. लखनौचाच सिमरनजीत. त्या अठरा जणांच्या टोकियो संघात सात जण हरेंद्र यांच्या ज्युनियर संघातले होते : हरमनप्रीत, मनदीप, सुमित, वरुण, नीलकांत, गुरजंत आणि सिमरनजीत.

५-४ झालं. सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. ज्यांनी हॉकी फार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : कॉर्नर वाचवायला गोलरक्षकासह फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, तोंडावर मुखवटे, गुडघ्यांना पॅड. बाकीचे सगळे मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला जातो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, कडेला अडवला जातो, फटकावला जातो. सगळं मिळून दीड-दोन सेकंदांचा खेळ. तेवढ्यात एक जण सरळ फटका मारणाऱ्याच्या अंगावर धावून जातो, चेंडू मांडीवर बसला तरी बेहत्तर. कुणी कुठल्या रेषेत धावायचं, गोलरक्षकाने कोणती बाजू सोडायची आणि कोणती धरायची, हे तिथे विचार करून होत नाही. ते हजारदा घोटून अंगात मुरलेलं असतं. कुणी घोटून घेतलं? त्या पाच जणांना आजवर लाभलेल्या सगळ्या प्रशिक्षकांनी. गोलरक्षक श्रीजेशने चेंडू अडवला आणि मग तो गोलपोस्टवर जाऊन बसला, तो फोटो सगळ्यांनी पाहिला आहे.

रीड यांचा वाटा मोठाच. साखळीत ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा सपाटून मार खाल्लेल्या संघाला त्यांनी अकरा दिवसांत ऑलिंपिक पदकापर्यंत नेलं, ते येरागबाळ्याचं काम नव्हे. हरेंद्र त्यांच्या जागी असते तर पदक आलंच असतं, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मरिन यांच्या मुली ब्रिटनकडून ३-४ हरल्या आणि चौथ्या आल्या. तरी ऑलिंपिकमधल्या आपल्या महिला हॉकीच्या सर्वोत्तम स्थानाशी बरोबरी करणारी ती कामगिरी. पुरुष संघावरून हटवलेल्या माणसाने ती करून दाखवली. लागोपाठच्या दोन सकाळी देश ज्या दोन संघांसाठी देव पाण्यात ठेवून बसला होता, ते दोन्ही कधीकाळी हरेंद्र यांच्या हाताखालचे होते. हरेंद्र तेव्हा अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक होते आणि अमेरिका टोकियोला पात्रच ठरलेली नव्हती.

याच्या उलटी गोष्टही आपल्याकडे घडून गेली आहे. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. प्रशिक्षक होते महाराज कृष्ण कौशिक. बक्षीस काय मिळालं? कौशिक यांना हटवलं, धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना वगळलं. तो संघ पुढे जिंकत राहिला असता तर निदान काढणाऱ्यांना म्हणता आलं असतं, बघा. पण सिडनी ऑलिंपिकमध्ये भारत सातवा आला. हेच कौशिक १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात गोल करणारे. मॉस्कोनंतरचं पुढचं पदक थेट टोकियोचं, आणि त्याच्या तीन महिने आधी, ८ मे २०२१ रोजी, करोनाने ते गेले.

टोकियोत अठरा खेळाडूंच्या गळ्यात पदकं पडली. रीड यांच्या गळ्यात काही नव्हतं, कारण ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकाला पदक देतच नाहीत. दीड वर्षाने, भारतातल्याच विश्वचषकात संघ उपांत्यपूर्व फेरीआधी बाद झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्पेनला २-१ हरवून भारताने पुन्हा कांस्य जिंकलं, तेव्हा बाकावर क्रेग फुल्टन होते आणि रीड यांना ती मॅच दुरूनच बघायची होती.