इंजिन बदलायचे कधी?

अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या बससेवेत हॅरॉल्ड झुर्चर देखभाल विभागाचे प्रमुख होते. प्रत्येक बसबाबत दर महिन्याला त्यांच्यापुढे तोच प्रश्न असे : इंजिन आणखी चालवायचे की उतरवायचे? घाई केली तर धडधाकट इंजिन वाया जाणार, उशीर केला तर बस भररस्त्यात बंद पडणार. अर्थतज्ज्ञ जॉन रस्ट यांनी तिथल्या १०४ बसच्या दहा वर्षांच्या मासिक नोंदी घेतल्या आणि १९८७ मध्ये झुर्चर यांच्या निर्णयांमागचे गणित मांडले. मैल वाढतात तसा खर्च आणि धोका वाढतो. इंजिन बदलले की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

हा हिशेब कागदावर करून पाहता येतो. समजा, एखादा पार्ट ठरवून बदलायला एक लाख रुपये लागतात आणि अचानक बिघडला तर तीन लाख. अशा दहा पार्टपैकी एक दुसऱ्या वर्षाअखेर जातो, चार तिसऱ्या आणि उरलेले पाच चौथ्या. दरवर्षी बदलले तर पार्टमागे वर्षाला एक लाख पडतात. दोन वर्षांनी बदलले तर नऊ पार्टचे नऊ लाख आणि बिघडलेल्या एकाचे तीन, असे बारा लाख वीस वर्षांच्या वापरावर वाटले जातात. म्हणजे वर्षाला ६० हजार. तीन वर्षे थांबलो तर सुमारे ६९ हजार, बिघडेपर्यंत चालवले तर सुमारे ८८ हजार. इथे दोन वर्षे हाच योग्य मुहूर्त.

पण हे गणित झिजणाऱ्या पार्टलाच लागू पडते. बिघाडाची शक्यता वयाबरोबर वाढतच नसेल, तर चालता पार्ट बदलण्यात पैसे फुकट जातात. कधीकधी त्याहून वाईट घडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांच्या नोंदी तपासताना कॉनराड वॅडिंग्टन आणि सहकाऱ्यांना आढळले, की ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढत होते. नीट चाललेल्या यंत्राला हात लावणे हेच बिघाडाचे कारण ठरत होते.

दोन्ही ठिकाणी उत्तर मिळाले ते नोंदींमधून. म्हणून कारखाना असो वा डेपो, कोणता पार्ट किती चालला, कधी आणि का गेला, बंद काळात किती नुकसान झाले, हे न चुकता लिहून ठेवा. ही नोंदवही नसेल, तर उत्तम सूत्रसुद्धा निव्वळ अंदाज ठरते.