आरसा मिटला पाहिजे

रत्नागिरीजवळ भाट्याला आमच्या घराकडे येणारी वाट जेमतेम एका गाडीपुरती आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. शेवटच्या वळणावर खिडकीतून हात काढून उजवा आरसा मिटवायचा आणि मगच गाडी आत घ्यायची, ही माझी रोजची सवय. गाडी 2006 सालची. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर एके दिवशी आरसा मिटवायला गेलो, तर तो जागचा हलेना. तेव्हापासून मी गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावू लागलो आणि 'बघू पुढे कधीतरी' म्हणून विषय सोडून दिला.

आठवडाभरातच दूध घालणारे काका सायकलवरून माझ्या उभ्या गाडीशेजारून निघाले. समोरून रिक्षा आली म्हणून ते थोडे आत सरकले आणि त्यांचं कोपर आरशाच्या कडेवर आदळलं. चांगलं सोलवटलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण त्या दिवशी मला झोप लागली नाही. तीस वर्षं मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. सांधा कशासाठी असतो, हे मुलांना शिकवत आलो. दारावरच्या आरशाचा सांधा पार्किंगच्या सोयीसाठी असतोच. पण त्याचं मोठं काम वेगळं आहे: कुणाचा धक्का लागला तर आरशाने मागे-पुढे वळून माणसाला वाट द्यायची. जाम झालेला आरसा म्हणजे दारातून बाहेर आलेला दगड.

गॅरेजमध्ये माझाच एक जुना विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "सर, आख्खा आरसाच बदलून टाका. साडेचार हजारांत होईल." त्याचं चूक नव्हतं. एका आरशामागे तीन दिवस घालवणं गॅरेजला परवडत नाही. मला परवडतं. म्हणून ठरवलं, आपणच सोडवायचा.

आधी तो जाम का होतो ते पाहू. आरशाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक दाराला घट्ट बसवलेली बैठक आणि दुसरा काच धरणारा फिरता डबा. माझ्या गाडीत बैठक ॲल्युमिनियमची ओतीव आहे. तिच्या भोकातून पोलादी पिन जाते, तिच्यावर डबा फिरतो आणि खाली एक जाड स्प्रिंग दोघांना दाबून धरते. आरसा उघडताना 'खट्' आवाज येतो तो बैठकीवरच्या खाचांचा. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की त्या जागी एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. पिन आणि भोक यांच्यामधली फट कागदाएवढी. ती भुकटीने गच्च भरली, की सांधा धरला जातो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्राचा खारा वारा. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे दुखणं रोजचं आहे.

पहिल्या दिवशी जोर अजिबात लावला नाही. सांध्याच्या फटीवरची धूळ जुन्या टूथब्रशने काढली आणि गंज सोडवणारं स्प्रे-तेल वरून आणि खालून नळीने आत सोडलं. काचेच्या मागच्या चंदेरी थरावर तेल जाऊ नये म्हणून काचेच्या कडेला फडकं खोचलं होतं. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं तेल, मग रात्रभर विश्रांती. असं तेल फटीत स्वतःहून चढत जातं, दिव्याच्या वातीत चढतं तसं. त्याला वेळ दिला नाही तर ते वरच्या वर वाहून जातं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचं तेल कोरडं पुसून काढलं. हे विसरू नका, कारण स्प्रे-तेल पेट घेतं. मग सूनबाईंचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन बैठक गरम केली. तीही हात क्षणभर टेकवता येईल इतपतच. त्यापुढे प्लॅस्टिक आणि रंग दोन्ही खराब होतात. तापमान तेवढंच वाढलं तरी ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे पोलादी पिनेभोवतीचं ॲल्युमिनियमचं भोक पिनेपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सैल पडते. आता दोन्ही हातांनी डबा सांध्याजवळ धरला. टोकाला धरून ओढलं तर डब्याचं जुनं प्लॅस्टिक तडकतं. आधी पुढे, मग मागे, दोन्हीकडे अगदी केसाएवढं. अर्ध्या तासाने हाताला पहिली हालचाल जाणवली, 'कर्र' आवाज झाला आणि फटीतून राखाडी चिखल बाहेर आला. तेल आणि ती पांढरी भुकटी. तेव्हा थांबलो, पुन्हा तेल सोडलं, पुन्हा हलवलं. संध्याकाळपर्यंत आरसा पूर्ण मिटत होता.

हातोडा मात्र एकदाही उचलला नाही. ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, थेट तुटतं. बैठक तुटली की मग नवा आरसा घ्यावाच लागतो.

खरं तर इथे थांबलं तरी चालतं. पण भुकटी आत राहिली तर पुढच्या पावसाळ्यात तेच होणार, म्हणून तिसऱ्या दिवशी आरसा काढून टेबलावर घेतला. आधी काच. तिच्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावली, हातमोजे घातले, काचेची आतली बाजू दाबली आणि बाहेरच्या कडेमागे बोटं घालून हळूच ओढली. प्लॅस्टिकच्या क्लिपा 'टक टक' करत सुटल्या. काही गाड्यांत काच गरम करणाऱ्या दोन वायरी मागे असतात. त्या आधी सोडवाव्या लागतात. मग दाराच्या आतलं त्रिकोणी कव्हर काढलं. त्याच्यामागे दहा नंबरचे तीन नट होते. नट सोडवायच्या आधी दाराच्या पत्र्यातल्या भोकात फडकं कोंबलं. एक नट दाराच्या पोटात पडला, तर तो काढायला अख्खं दार खोलावं लागतं.

सगळ्यात जपून करायचं काम स्प्रिंगचं. ती दाबलेली असते आणि अचानक सुटली तर डोळा जाऊ शकतो. मी डोळ्यांवर चष्मा चढवला, व्हाइसमध्ये स्प्रिंग दाबून धरली, अडकवणारी चकती फिरवून सोडवली आणि व्हाइस हळूहळू सैल केला. घरी व्हाइस नसेल तर हे काम करू नका, फिटरकडे न्या.

पिन बाहेर आली ती खरखरीत, पांढऱ्या-तपकिरी पापुद्र्यांनी भरलेली. तारेच्या ब्रशने ती साफ केली. भोकातला पांढरा थर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने काढला, फक्त थरच, धातू नाही. धातू घासला तर भोक मोठं होतं आणि मग रस्त्यावर आरसा थरथरतो. खाचांना पेपर लावलाच नाही. बैठकीला कुठे तडा आहे का ते उजेडात फिरवून पाहिलं. तडा असता तर चिकटवण्याचा विचारही केला नसता. रॉकेलने धुऊन, वाळवून, पाण्याला दाद न देणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला.

आणि मग मूळ दुखणं सापडलं. डब्याच्या तळाशी पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं होतं. किती पावसाळे पाणी आत तुंबून सांध्यात झिरपत होतं, कोण जाणे. काडीने भोक मोकळं केलं. दार आणि बैठक यांच्यामधलं रबरही कुजलं होतं. चांभाराकडून चपलेच्या सोलचं पातळ रबर आणून त्याच आकाराचं कापून बसवलं. जोडणी उलट्या क्रमाने झाली. आरसा उघडला, 'खट्' वाजला. खर्च तेल, ग्रीस, रबर मिळून साडेपाचशेच्या आत.

बटणाने मिटणारे आरसे असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आरसा अडकला असताना बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आतली छोटी मोटर जळते किंवा प्लॅस्टिकचे दाते तुटतात. तो हाताने मिटवता येतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत बघून मगच हात लावा.

दूधवाल्या काकांचं कोपर बरं झालंय. मी त्यांना मुद्दाम बोलावून आरसा हाताने ढकलून दाखवला. तो वळला तसे ते समाधानाने हसले.

तुमची गाडी दहा-बारा वर्षांची असेल, किनाऱ्याजवळ राहत असाल किंवा आरसे वर्षानुवर्षं मिटवलेच नसतील, तर आज घरी गेल्यावर दोन्ही आरसे एकदा मिटवून बघा. हलले तर सांध्यात दोन थेंब तेल सोडा, तळाचं भोक मोकळं करा आणि महिन्यातून एकदा ही उघडझाप ठेवा. हलले नाहीत तर जोर लावू नका. तेल सोडा आणि रात्रभर थांबा.