एकटेपण आणि ‘मंडळी’

धसईला आमच्या काकांचे घर आहे. काकू जाऊन आता दोन वर्षे होतील. मुलगा कल्याणला, नातवंडांच्या शाळाही तिकडेच. शेत वाट्याने दिलेले. पैशाची ददात नाही, मुलाचा फोन रोज येतो. दिवाळीत गेलो तेव्हा मी सहज विचारले, “काका, कसं काय चाललंय?” ते म्हणाले, “सगळं ठीक आहे रे. फक्त रात्री ताट वाढून घेतलं की घास उतरत नाही बघ.”

हा आजार आता जगभर ओळखला गेला आहे. इंग्लंडात २०१८ साली एकटेपणाचा प्रश्न पाहण्यासाठी मंत्री नेमावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात सांगितले की, जगातल्या सहा माणसांमागे एकाला एकटेपण ग्रासते. त्यावर औषधाची बाटली नाही. तेव्हा पूर्वी माणसांनी यावर काय केले, ते पाहावे लागते. आज मी एक उदाहरण घेणार आहे ते आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचे. मी स्वतः त्या धर्माचा नाही. पण शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी चांगले असेल तर ते सांगायला हरकत कसली?

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून आत यायची नाही. अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांची पत्नी झाली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी दोन माणसे एकाच वेळी एकटी पडली. टिळकांना जात आणि नातेवाईक अंतरले. लक्ष्मीबाईंचा नवरा जिवंत, पण संसार मोडलेला; लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले. नवे सोबती मिळतात तेव्हा जुने सुटतात, ही गोष्ट धर्मांतराच्या कथांत नेहमी सांगितली जात नाही. लक्ष्मीबाईंनी ती लपवली नाही, म्हणून त्यांचे पुस्तक खरे वाटते.

काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, त्या हिंदू म्हणूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. कुणी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एका छपराखाली राहायचे, आणि पाण्याचा घोट मात्र निरनिराळ्या भांड्यांतून घ्यायचा! हे अंतर त्यांनी स्वतः विचार करून, हळूहळू तोडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण माझ्या मते खरी घटना त्याआधीची आहे, ती पंगतीची. त्यानंतर त्यांचे घर निराधार मुलांनी भरलेले असे. १९१९ साली टिळक गेले, तेव्हाही त्या माणसांवाचून राहिल्या नाहीत. पतीने आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे चालवले, आणि जिला शाळा माहीत नव्हती अशा बाईने मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले.

पंगतीचा मुद्दा ख्रिस्ती धर्मात मुळापासून आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या शिष्यांची हकीकत येते. ते एकत्र राहत, आपले सामाईक समजत, घरोघरी भाकर मोडून जेवत. प्रभुभोजनाचा विधी याच जेवणाशी जोडलेला आहे. आपल्याकडे प्रॉटेस्टंट लोक त्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतात. किती घरगुती शब्द! “मंडळी, बसा जेवायला” असे आपण म्हणतो, तोच हा.

पण मंडळी नुसत्या प्रेमाने चालत नाही, तिला वेळापत्रक लागते. दर रविवारी ठरलेल्या वेळी माणसे जमतात. तुमची जागा रिकामी दिसली की ती कुणाच्या तरी डोळ्यांत भरते. आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना होते, म्हणजे कोण आजारी आहे हे शंभर कानांवर जाते; संध्याकाळी त्यांतली दोन माणसे दारात उभी राहतात. एकट्या माणसाला “मला भेटायला या” असे म्हणावे लागत नाही. ते म्हणणेच तर जड जाते ना!

भाषेचेही तसेच. वसई हा २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या कॅथलिक शेतकऱ्यांची मुख्य उपासना पूर्वी लॅटिनमधून होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या बैठकांनी, लोकभाषेला वाट दिली आणि मिस्सा मराठीत आली. टिळकांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी भजन-अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती गीते रचली. १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

दोष नाहीत असे नाही. देवळात एकत्र बसणाऱ्यांतही जात पुष्कळ ठिकाणी मागे लागून आली. लग्न जुळवताना ती हटकून दिसते. चारचौघांत बसूनही एकटे असलेले लोक तिथेही आहेत. मंडळी असली म्हणजे झाले, असे मुळीच नाही.

आता आपल्या धसईचे बोलू. रोख नोटांवाचून बाजार चालवता येतो, म्हणून २०१६ च्या डिसेंबरात धसईचे नाव वर्तमानपत्रांत गाजले. पण कार्ड घासून काकांच्या ताटासमोर माणूस कसा बसणार? मी त्यांना एवढेच सुचवले की, गुरुवारच्या भजनाला जा, आणि भजन झाल्यावर सगळ्यांनी आपापली भाकरी तिथेच सोडा. काका म्हणाले, “मला गाता कुठं येतं?” मी म्हटले, “टाळ धरा.”

ते जाऊ लागले. मागच्या महिन्यात त्यांना ताप आला आणि गुरुवार चुकला. शुक्रवारी सकाळी पेटी वाजवणारा दारात हजर. हातात कांद्याची चटणी आणि दोन भाकऱ्या. म्हणाला, “काल तुमची जागा तशीच ठेवली होती, म्हटलं बघून यावं.”